खुलासा : पिंपळ रात्री ऑक्सिजन देत नाही

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा मेसेज फिरला : ‘पिंपळ चोवीस तास ऑक्सिजन देतो.’ लगेच एका काकूंनी कुंडीत पिंपळ लावून तो बेडरूमच्या खिडकीत ठेवला. पिंपळ मलाही प्रिय आहे, पण हा दावा चुकीचा आहे.

ऑक्सिजन तयार होतो पानाच्या पेशींतल्या हरितलवकांत (हिरव्या कणांत), पाण्याचा रेणू फुटून. तो फोडायला प्रकाशच लागतो. शाळेतला हायड्रिला या पाणवनस्पतीचा प्रयोग आठवा : पाण्याचं चंचुपात्र, उलटं नरसाळं, वर परीक्षानळी. उन्हात ऑक्सिजनचे बुडबुडे सरसर वर चढतात; काळं कापड टाकलं की थोड्या वेळात थांबतात. पिंपळाच्या पानाला वेगळा नियम नाही. तंतुकणिकांतलं (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांतलं) श्वसन मात्र रात्रंदिवस चालू असतं, त्यामुळे रात्री झाड ऑक्सिजन घेतं. घाबरू नका, कुंडीतलं रोप घेऊन घेऊन किती घेणार? खोलीतला माणूस त्याहून कितीतरी जास्त घेतो.

गोंधळ बहुधा कोरफड, पानफुटी यांच्यामुळे झाला असावा. त्यांची पर्णरंध्रं (पानावरची बारीक छिद्रं) रात्री उघडतात, पण कार्बन डायऑक्साइड आत घेण्यासाठी. तो आम्लाच्या रूपात पेशीतल्या रिक्तिकेत (साठवणीच्या पिशवीत) साठतो आणि दिवसा वापरला जातो. म्हणून पानफुटीचं पान सकाळी आंबट आणि संध्याकाळी बेचव लागतं, हे वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनी भारतातच पाहून 1813 साली नोंदवलं होतं. ऑक्सिजन त्यांचाही दिवसाच.

काकूंना एकच विनंती : पिंपळ मोकळ्या जमिनीत लावू या. खिडकीतून त्याची मुळं भिंतीच्या भेगांत शिरतात.