वयोगट ५० ते ७०

लेकीच्या घरात सध्या मला एकही वस्तू उघडता येत नाही. ड्रॉवर, कचऱ्याचा डबा, औषधाची बाटली, इतकंच काय, कमोडचं झाकणसुद्धा. शेवटच्याबद्दल सविस्तर लिहीत नाही. घाईची वेळ होती, एवढंच सांगतो.

आठ महिन्यांची नात रांगायला लागली आणि घराला जागोजागी चाप बसले. तिच्या पावणेचार वर्षांच्या दादाला या चापांचं काहीच वाटत नाही. मी ड्रॉवरशी झटापट करत असलो की तो शेजारी येऊन उभा राहतो. "आधी आत दाब, आजोबा. मग ओढ." उघडला की वर "शाब्बास!"

"मुलांच्या सुरक्षेसाठी आहे हो हे सगळं, बाबा," लेक म्हणते. मुलं सुरक्षित आहेतच. निदान माझ्यापासून तरी.

औषधाच्या बाटलीपुढे मात्र मी हात टेकले. ते दाबून फिरवायचं झाकण १९६७ साली कॅनडातल्या हेन्री ब्रो नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी पुढे आणलं. औषधं गिळून बसलेली मुलं पाहून पाहून ते कंटाळले होते. अमेरिकेत अशा झाकणांची रीतसर परीक्षा होते, हे वाचून मी गार झालो. ४२ ते ५१ महिन्यांच्या मुलांच्या हाती बाटली द्यायची आणि पाच मिनिटं बघत बसायचं. नाही उघडली तर मोठ्या माणसाने उघडून दाखवायची, "हवं तर दात लाव" असंही सांगायचं आणि आणखी पाच मिनिटं द्यायची. पहिल्या पाच मिनिटांत शंभरातल्या ८५ मुलांना ती उघडता कामा नये. पुढे तीच बाटली ५० ते ७० वयाच्या माणसांकडे जाते आणि तिथे शंभरातल्या नव्वद जणांनी ती उघडलीच पाहिजे.

नातू ४५ महिन्यांचा, मी ६३ वर्षांचा. दोघेही ऐन परीक्षेच्या वयात. तो उरलेल्या पंधरांतला निघाला आणि मी उरलेल्या दहांतला. दातांची सवलत मोठ्यांना नाही, हे मला उशिरा कळलं. मी लावले होते. त्यातला एक बसवलेला होता.

मग लेकीने मला टॉयलेट रोलची रिकामी नळी दिली. या नळीत जे मावतं ते नातीच्या घशात अडकू शकतं, तेव्हा घरभर फिरून असलं सगळं गोळा करायचं. खेळणी तपासणारे यासाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाचं नळकांडं वापरतात. मी नळी घेऊन गुडघ्यांवर निघालो. शर्टाचं बटण, पेनाचं टोपण, दादाच्या ट्रकचं चाक. आणि सोफ्याखाली, रिमोटमधून मीच काल काढलेला, चपटा गोल बटन सेल. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांच्या आत आतली त्वचा जाळू शकतो, असं लेक म्हणाली. आवाज न चढवता म्हणाली. त्यानंतर बराच वेळ मला काही विनोद सुचला नाही.

संध्याकाळी गाडीची परीक्षा होती. तान्ह्या बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळपास पाव भाग असतं आणि मान नाजूक, म्हणून सीट मागे तोंड करून बसवायची. जाड जॅकेट काढायचं, नाहीतर पट्टा घट्ट वाटतो आणि असतो सैल. खांद्यापाशी पट्टा चिमटीत पकडता आला, तर अजून आवळायचा. मी अर्धा गाडीत, अर्धा बाहेर. बाहेरच्या अर्ध्याकडे बघून कुणीतरी हॉर्न वाजवला.

"तू एवढी होतीस तेव्हा तुला मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसायचो," मी आठवण म्हणून सांगायला गेलो. लेकीने अशा नजरेनं पाहिलं, की तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या त्या प्रवासाबद्दल मी तिथल्या तिथे माफी मागितली. (विमानात मात्र दोन वर्षांखालचं मूल आजही मांडीवर चालतं, हे तोंडावर आलं होतं. गिळलं.)

घरी आल्यावर बकल निघेना. बाळाला सहज निघू नये म्हणून ते लाल बटण मुद्दाम घट्ट असतं. आतून नात माझ्याकडे कीव केल्यासारखी बघत होती. "लाल दाब, आजोबा. जोरात. अंगठ्याने!" हे अर्थातच दादाने सांगितलं.

तो सगळंच उघडतो, म्हणून लेकीने त्याच रात्री खास त्याच्यासाठी नवं कुलूप लावलं. औषधांच्या कपाटाला, आतून. बाहेर ना कडी, ना चाप. ठरावीक जागी लोहचुंबक धरला तरच दार उघडतं. "आता उघडू दे त्याला," म्हणत तिने विजयी मुद्रेनं दार लोटलं. खट्‌ आवाज झाला.

माझी रक्तदाबाची गोळी आत होती. चुंबकही आत होता.

पाकिटात दुसरा चुंबक होता, पण तो घेऊन दादा दुपारभर घरात कुठे कुठे फिरला होता. आम्ही उशा उलटल्या, बूट झटकले, खेळण्यांची टोपली उपडी केली. दादा गाढ झोपला होता.

जावई हळूच म्हणाले, "उठवू का त्याला?"