माझे सोळा सेकंद

पेटी शिकायचं वय गेलं, सतार शिकायची मांडी गेली, आणि गळा तर मुळात कधी आलाच नव्हता. उरला होता लॅपटॉप. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर लेकीने तिचा जुना लॅपटॉप माझ्या हवाली केला आणि म्हणाली, "बाबा, हल्ली लोक यावर गाणी करतात. काही वाजवता यावं लागत नाही." हे शेवटचं वाक्य मला फार आवडलं. तिथेच सावध व्हायला हवं होतं. "यात काही करावं लागत नाही" असं सांगून आम्ही बँकेत किती जणांना काय काय विकलंय!

शोधाशोध करून कर्वेनगरात एक सर मिळाले. शनिवारी सकाळी ११ ते १२, तासाला ७०० रुपये. सरांचं वय २४. मी त्यांना "सर" म्हणतो, ते मला "काका" म्हणतात, आणि त्यांची आई चहा देताना आम्हा दोघांकडे बघून हसते. पहिल्या दिवशी वाकून नमस्कार करावा की हात मिळवावा हे न ठरल्यामुळे मी अर्धवट वाकून हात पुढे केला. मी खुर्चीचा खटका शोधतोय असं समजून सरांनी खुर्ची खालीवर कशी करायची ते दाखवलं.

सरांची खोली म्हणजे बेडरूमच. भिंतींवर अंड्यांच्या ट्रेसारखे करडे फोमचे तुकडे, खिडकीला जाड गोधडी, आणि टेबलावर दोन स्पीकर माझ्याकडे परीक्षकांसारखे रोखून बघत बसलेले. बाहेर हॉलमध्ये सरांची आजी. आजी लग्नाआधी विशारदपर्यंत गाणं शिकलेल्या, आणि गुडघे नाही म्हणेपर्यंत दरवर्षी सवाई गंधर्व महोत्सवाला भारतीय बैठकीवर बसलेल्या. आमचा तास सुरू झाला की त्या टीव्हीचा आवाज बंद करतात. ऐकू यावं म्हणून नव्हे, असं त्या सांगतात.

मी तयारीनिशी गेलो होतो. बुधवार पेठेतून २५ पट्ट्यांचा कीबोर्ड आधीच घेतला होता. घरी आणून बायकोसमोर थाटात टेबलावर मांडला, वायर लॅपटॉपला जोडली आणि 'सा' दाबला. काही नाही. 'रे' दाबला. काही नाही. सगळ्या पंचवीस पट्ट्या दाबल्या. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. दुकानदाराला फोन लावला तर तो म्हणाला, "साहेब, त्यात आवाज नसतोच." आणि पुण्याच्या रिवाजाप्रमाणे फोन ठेवला. वेळही दुपारी दीडची होती, चूक माझीच.

सरांनी उलगडा केला. हा कीबोर्ड वाजत नाही, तो निरोप देतो. कोणती पट्टी दाबली, किती जोरात, कधी सोडली, एवढंच तो कॉम्प्युटरला कळवतो. एका कंपनीचं वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशी बोलू शकावं म्हणून १९८३ साली ही भाषा बाजारात आली, तिला मिडी म्हणतात. जोर मोजायला ० ते १२७ असे आकडे. मी ही सगळी माहिती जशीच्या तशी घरी सांगितली. बायको म्हणाली, "म्हणजे नुसता निरोप्या. त्याला साडेआठ हजार?"

माझ्या सगळ्या पट्ट्या १२७ ने वाजायच्या. "काका, तुम्ही प्रत्येक स्वर रागावून वाजवताय," सर म्हणाले. तीस वर्षं शिक्के मारलेल्या हाताला ६४ म्हणजे काय हे कळायला दोन शनिवार गेले.

तिसऱ्या शनिवारी ताल आला, आणि मला पहिल्यांदा आपण घरी असल्यासारखं वाटलं. पडद्यावर सोळा चौकोन होते. हवा तो चौकोन दाबायचा, तिथे ढोल वाजतो. सोळा! मी उत्साहाने म्हणालो, "सर, सोळा मात्रा, हा तर तीनताल." सर म्हणाले, "नाही काका, हे चारच बीट आहेत, एकेकाचे चार भाग." पण हॉलमधून आवाज आला, "त्यांचं बरोबर आहे रे, सोळा म्हणजे सोळा." सरांनी दार लावून घेतलं. ही सोळा घरांची पद्धत १९८० सालच्या एका जपानी यंत्राने, रोलँडच्या टीआर-८०८ ने, जगभर नेली. त्याचा ढोल खऱ्या ढोलासारखा वाजायचा नाही म्हणून तेव्हा लोकांनी नाकं मुरडली, आणि आज खरे ढोलवाले त्याच्यासारखा वाजवायला धडपडतात. मला हे ऐकून बरं वाटलं. उशिरा का होईना, दिवस पालटतात.

मग क्वांटाइझ. मी वाजवलेला स्वर जरा पुढेमागे पडला की हे बटण दाबायचं. स्वर मुकाट्याने रेघेवर जाऊन उभा राहतो. जन्मात पहिल्यांदा मी लयीत होतो. मी त्या दिवशी जे सापडेल ते क्वांटाइझ केलं. सरांनी ऐकलं आणि म्हणाले, "छान. आता जरा बिघडवा. फार सरळ झालंय, माणूस वाजवतोय असं वाटत नाही." म्हणजे आधी ७०० रुपये देऊन चूक सुधारायची, मग ७०० रुपये देऊन ती परत करायची. शिवाय माझ्या मूळच्या चुका चालणार नव्हत्या, दुसऱ्या प्रतीच्या हव्या होत्या.

एक गोष्ट मात्र मला एका झटक्यात समजली, ती साइडचेन. किक म्हणजे ढोलाचा जड ठोका, बेस म्हणजे खालच्या सुरांची ओळ. किकचा ठोका पडला की तेवढ्यापुरता बेसचा आवाज आपोआप दबतो, आणि ठोका सरला की पुन्हा वर येतो. नाहीतर दोघं एकमेकांत घुसून नुसता चिखल होतो. सर समजावण्यासाठी आलेख काढायला लागले. मी म्हटलं, राहू दे. लक्ष्मी रस्त्यावर पीएमटी आली की दुचाक्या कडेला दबतात, आणि बस गेली की जिथल्या तिथे. सरांनी हे उदाहरण वहीत लिहून घेतलं. हल्ली ते इतर विद्यार्थ्यांनाही सांगतात असं कळलं. फी मात्र तेवढीच आहे.

असं करत करत माझी पहिली रचना तयार झाली. आठ बार, एकेका बारात चार बीट. लय १२०, म्हणजे मिनिटाला १२० बीट. ढोल, बेस, वर एक धून. बँकवाला असल्यामुळे मी हिशेब केला: १२० च्या लयीत आठ बार म्हणजे बरोबर १६ सेकंद. संपले की पुन्हा पहिल्यापासून. तासाला २२५ वेळा.

आणि इथे मी अडकलो. आठ बारांची ही वाडी एकदा वसली की माणूस तिच्या वेशीबाहेर पडत नाही. आज झांजेचा आवाज जरा कमी कर, उद्या बेस जरा वाढव, परवा परत पहिल्यासारखं कर. दर शनिवारी सर विचारायचे, "काका, पुढे?" मी म्हणायचो, "सर, आधी हे पक्कं होऊ दे." पोह्यावर कोथिंबीर घालण्यात मी चार महिने काढले, पोहे दोन घासांचेच होते. एकदा सर पाणी प्यायला गेले असताना त्यांच्या पडद्यावर एक फोल्डर उघडं राहिलं. त्यात फायली होत्या: 'फायनल', 'फायनल २', 'फायनल खरंच', 'फायनल आईशप्पथ'. खाली एकूण संख्या ३१२. प्रत्येकीची लांबी सोळा सेकंदांच्या आसपास. सर परत आले, त्यांनी माझी नजर बघितली, आणि त्या दिवशी आम्ही "पुढे?" हा विषय काढला नाही.

घरी परिस्थिती बिकट होती. कामाच्या मावशी भांडी घासताना माझी धून गुणगुणायला लागल्या. मी हरखलो. पण त्या आठव्या बारापाशी थांबायच्या, दचकून परत पहिल्यापासून. दीड तास. शेवटी बायकोने त्यांना सांगितलं, "मावशी, तुमचं काही चुकत नाहीये, ते तेवढंच आहे."

मग शिट्टीचं प्रकरण झालं. सरांनी गृहपाठ दिला होता: घरातला एखादा आवाज रेकॉर्ड करून रचनेत वापरा. मी कुकरसमोर मायक्रोफोन धरून उभा राहिलो. पहिल्या शिट्टीला बायको बोलली, दुसरीला दाराची बेल वाजली, तिसरी उत्तम आली पण मी बटण दाबलं नव्हतं. "अजून एक होऊ दे" म्हणता म्हणता त्या दिवशी वरणाचा लेप झाला. पण शिट्टी मिळाली, आणि मी ती आठव्या बाराच्या शेवटी बसवली. सुरेख बसली. दुसऱ्या दिवशी मी खोलीत स्पीकरवर ते ऐकत होतो. बायको हॉलमध्ये बहिणीशी फोनवर बोलत होती. बोलता बोलता तिने सवयीने तीन शिट्ट्या मोजल्या, उठली, गॅस बंद केला आणि परत जाऊन बसली. सव्वा एकला ताटं मांडून कुकर उघडला तर तांदूळ पाण्यात स्वच्छ पोहत होते. खरी शिट्टी एकही झाली नव्हती. बायको काही बोलली नाही. नुसती खोलीत आली, पडद्याकडे बघितलं आणि विचारलं, "यातली माझी कोणती?" तडजोड म्हणून मी शिट्टी एक सप्तक खाली उतरवली. आता ती बोटीच्या भोंग्यासारखी वाजते, पण भात शिजतो.

खालच्या मजल्यावर निवृत्त मास्तर राहतात. ध्वनीचा एक दुष्ट नियम आहे: उंच स्वर भिंत अडवते, पण पन्नास-साठ हर्ट्झची किक स्लॅबमधून आरपार जाते. म्हणजे धून माझ्या खोलीत राहायची आणि धपधप तेवढी मास्तरांकडे पोहोचायची. सोसायटीच्या फलकावर कागद लागला: 'निवासी इमारतीत पिठाची गिरणी चालवणे नियमबाह्य आहे. विशेषतः १ ते ४.' नाव नव्हतं, अक्षर वळणदार होतं. मी हेडफोन घेतले, पण कान तापले की काढायचो. मग मास्तर खालून छताला काठी ठोकायचे. ठोकेनात का, पण त्यांच्या ठोक्याला लय नव्हती, कधी दोन बीटच्या मधे, कधी जरा उशिरा. मला त्याचाच त्रास जास्त व्हायचा.

सुटका आजींनी केली. त्या शनिवारी सरांनी मला चरणजित सिंग ऐकवले. हिंदी सिनेमांच्या वाद्यवृंदात गिटार वाजवणारा हा माणूस. १९८२ साली मुंबईत बसून त्याने तेच ८०८ आणि आणखी दोन यंत्रं घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग ध्वनिमुद्रित केले. तेव्हा फारसं कुणी विचारलं नाही. पुढे काही वर्षांनी शिकागोत तशाच आवाजाचं संगीत निघालं, त्याचा गाजावाजा झाला, आणि २०१० मध्ये ही जुनी तबकडी पुन्हा निघाल्यावर जग चकित झालं. सर भारावून सांगत होते. दार उघडून आजी आत आल्या, पलंगावर बसल्या, पूर्ण ऐकलं.

"भैरव आहे," त्या म्हणाल्या.

"हो आजी!" सर आनंदले.

"मग सकाळी लाव. आता बारा वाजत आले."

जाता जाता त्या माझ्याकडे वळल्या. "तुमचं ते धपधप दर शनिवारी ऐकते मी. एक विचारू? त्यात खाली कुठेय?"

मी बघतच राहिलो. आजींनी मांडीवर तीनताल धरला. टाळी, टाळी, नवव्या मात्रेला हात उलटा. आणि त्याच सुमाराला तोंडातल्या 'धिं'चा 'तिं' झाला, डग्ग्याचा घुमारा गेला. "इथे खालचा आवाज काढून घेतात. मग तो परत यावासा वाटतो. तुम्ही काढतच नाही, तर परत काय येणार?"

सरांनी न बोलता माझी फाइल उघडली. आठ बार ओढून पुढे ठेवले आणि त्यातली किक पुसली. बेसही पुसला. नुसती धून उरली, अधांतरी. मग पुन्हा किक. माझ्या अंगावर काटा आला. "याला ब्रेकडाउन म्हणतात," सर म्हणाले, "आणि किक परत येते तो ड्रॉप."

"सम आहे ती," आजी म्हणाल्या आणि टीव्ही लावायला गेल्या.

पंधरा दिवसांत रचना पुरी झाली. सोळा सेकंदांचे अकरा तुकडे, २ मिनिटं ५६ सेकंद. चार महिन्यांत जे झालं नाही ते पुसण्याने झालं. सरांचा निरोप आला: हॉलमध्ये मोठ्याने लावा आणि फोनवर रेकॉर्ड करून पाठवा, खोलीत बेस कसा बसतोय ते बघू. रविवारी सायंकाळी पाच वाजता, म्हणजे चारनंतर, मी स्पीकर हॉलमध्ये आणले. बायको, लेक, आणि सुट्टी असून आलेल्या मावशी सोफ्यावर बसल्या. मी फोन टेबलावर ठेवून लाल बटण दाबलं.

पहिल्या सोळा सेकंदांतच खालून काठी सुरू झाली. नेहमीसारखीच, बेताल. दुसऱ्या तुकड्यात मावशी मान डोलवायला लागल्या, आठव्या बाराला सवयीने दचकल्या, पण गाणं पुढे गेलं. सहाव्या तुकड्याला किक थांबली, बेस थांबला. खालची काठीही थांबली. नुसती धून, आणि शेवटी बोटीच्या भोंग्याची शिट्टी. मावशींनी श्वास रोखला होता. आणि जिथे किक परत आली, त्याच क्षणी खालून एक दणदणीत 'ठक'. एकच.

रागाने होतं की कसं, मास्तरांना विचारायची माझी हिंमत झाली नाही. रात्री रेकॉर्डिंग लॅपटॉपवर घेतलं, तेवढी 'ठक' कापून वेगळ्या ओळीवर ठेवली आणि मोठी करून बघितली. क्वांटाइझ करावी लागली नाही.