मिश्रण म्हणजे भेसळ नव्हे

गेल्या रविवारी मामांनी सगळ्यांसमोर माझ्या मामेभावाला, जो नाशिकजवळच्या एका वायनरीत काम करतो, ‘तुम्ही लोक भेसळ विकता’ असे सुनावले. आधार काय, तर व्हॉट्सॲपवर फिरणारा एक मजकूर: कॅलिफोर्नियातील जोसेफ फेल्प्स वायनरीची ‘इन्सिग्निया’ ही महागडी रेड वाइन म्हणजे उरल्यासुरल्या वाइनची भेसळ आहे, शुद्ध वाइन एकाच जातीच्या द्राक्षांची असते, आणि अमेरिकेला ही युक्ती ‘ओपस वन’ या अमेरिकी-फ्रेंच भागीदारीतल्या वाइनच्या निमित्ताने फ्रेंचांनी शिकवली. आयुष्यभर द्राक्षबाग राखलेल्या माणसाने हे खरे मानावे, याचे मला फार वाईट वाटले.

अमेरिकेच्या संघीय नियमानुसार, १९८३ पासून, लेबलवर ‘कॅबर्ने सोव्हिन्यॉन’ असे एकाच जातीचे नाव छापायचे तर आतली किमान ७५ टक्के वाइन त्या जातीची असावी लागते. त्याआधी ५१ टक्के पुरत असे. म्हणजे हा मजकूर जिला शुद्ध म्हणतो, त्या बाटलीतही पाव हिस्सा दुसऱ्या द्राक्षांचा असू शकतो, आणि तेही कायद्याला धरून. भेसळ म्हणजे एक सांगून दुसरे देणे. इन्सिग्नियावर तर १९७४ च्या पहिल्या हंगामापासून जातीचे नाव न घालता स्वतंत्र नाव घातले गेले. मग फसवले कोणाला?

‘उरल्यासुरल्या’ हा शब्द सर्वांत संतापजनक आहे, कारण तो वस्तुस्थितीच्या नेमका उलट आहे. मूळचे बांधकाम व्यावसायिक असलेल्या फेल्प्स यांनी १९७३ मध्ये सेंट हेलेनाजवळ वायनरी काढली, आणि वाइनमेकर वॉल्टर शुग यांच्या हातून जी वाइन घडली, तिचे सूत्रच त्या वर्षीची उत्तम पिंपे निवडून एकत्र करणे हे होते. फ्रान्समधल्या बोर्दो या वाइनप्रदेशात हे पिढ्यान्पिढ्या चालत आले आहे: मर्लो ही द्राक्षजात लवकर पिकते, कॅबर्ने उशिरा, त्यामुळे पावसाने एकीचे नुकसान केले तर दुसरी हंगाम सावरते. मर्लो मऊपणा देते, जाड सालीची कॅबर्ने तुरटपणा. भावाच्या प्रयोगशाळेत हे मी जवळून पाहिले आहे. टेबलावर प्रत्येक पिंपाचा नमुना, मोजनळीत आधी दहा मिलिलिटर, मग पाच, चव, थुंकणे, नोंद. एका प्रमाणासाठी सबंध सकाळ जाते. उरलेसुरले खपवणारा माणूस एवढे कष्ट कशाला घेईल?

ओपस वनचा पहिला हंगाम १९७९ चा, म्हणजे इन्सिग्नियानंतर पाच वर्षांनी. तो मुद्दा तिथेच संपतो.

एवढे मात्र मान्य करावे लागेल की स्वस्त वाइनच्या धंद्यात मिश्रणाच्या नावाखाली शिल्लक माल खपवला जातो, आणि इन्सिग्नियातील द्राक्षांचे प्रमाणही दरवर्षी बदलते. पण हवामान दरवर्षी बदलते म्हणून ते बदलते, आणि हे मामांना मी सांगावे लागू नये.