संख्याशास्त्रज्ञ, सायटेशन आणि फिरणारा एक मेसेज

बीएस्सीचे प्रवेश सुरू झाले की साताऱ्यातल्या पालकांच्या ग्रुपांवर हा मेसेज हमखास येतो. म्हणणं असं: संख्याशास्त्रज्ञ स्वतः काही शोधत नाही, दुसऱ्यांच्या आकड्यांची बेरीज-वजाबाकी करतो. त्याचे सायटेशन (म्हणजे इतरांनी आपल्या पेपरात, शोधनिबंधात, केलेले उल्लेख) जास्त दिसले तर ते डॉक्टरांच्या पेपरवर नाव लावून मिळालेले असतात. आणि एरवी त्याचा एच-इंडेक्स, म्हणजे सायटेशनवरून काढलेला आकडा, डॉक्टर, केमिस्ट यांच्यापेक्षा कमी असतो, म्हणजे विषयच दुय्यम.

मी संख्याशास्त्र शिकवतो. गेल्या आठवड्यात एक विद्यार्थिनी वडिलांना घेऊन आली, स्टॅट सोडायचं म्हणून. वडिलांनी मोबाइल पुढे केला. त्यात हाच मेसेज होता.

वडील सोयाबीनवाले शेतकरी, म्हणून पहिल्या दाव्याचं उत्तर शेतातूनच दिलं. उत्पन्न किती आलं हे ठरवायला होणारा पीक कापणी प्रयोग त्यांनी बांधावर उभं राहून बघितलेला. रँडम आकड्यांवरून जागा ठरते, खुंट्या ठोकून दोरी ताणतात, आतलं पीक कापून, मळून वजन करतात. चौकोन छोटा घेतला तर काम लवकर उरकतं. मग छोटाच का घेत नाहीत? अडचण दोरीवर आलेल्या झाडाची आहे. ते आत धरायचं की बाहेर? कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. एक मीटर बाय एक मीटरच्या चौकोनात १ चौरस मीटरला ४ मीटर कड येते. पाच बाय पाचमध्ये २५ चौरस मीटरला २० मीटर. म्हणजे छोट्या चौकोनात दर चौरस मीटरमागे कड पाचपट. चूकही त्याच मानाने वाढते आणि ती कायम एकाच बाजूला झुकते, उत्पन्न फुगवूनच दाखवते. हजार शेतांची सरासरी काढा, ती जात नाही.

हे प्रत्यक्ष शेतांत वेगवेगळ्या मापांचे तुकडे कापून दाखवलं पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी, १९४०च्या दशकात. याच प्रश्नावर ते भारतीय संख्याशास्त्र संस्थेचे संस्थापक महालनोबिस यांच्यासारख्या दिग्गजाशी वाद घालायला कचरले नाहीत. १९११ साली जन्मले ते आपल्या खटाव तालुक्यातल्या बुध गावात. पुढे रोमला एफएओच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या, संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. याला कुणी बेरीज-वजाबाकी म्हणू नये.

दुसरा दावा थोडा खरा आहे, म्हणूनच तो पटतो. वैद्यकीय पेपरवर चौथं-पाचवं नाव संख्याशास्त्रज्ञाचं असतं आणि त्याचे सायटेशन त्याच्या खात्यात जमा होतात. पण रुग्ण किती घ्यायचे, कुणाला कुठलं औषध हे चिठ्ठी टाकून कसं ठरवायचं, हे त्यानेच आधी आखलेलं असतं. शिवाय सगळ्यात जास्त उल्लेख होतात ते पेपर पाहा. काही रुग्ण मध्येच पाहणीतून निघून जातात, तेव्हा जिवंत असतात. त्यांची माहिती फेकून न देता जगण्याचं प्रमाण कसं काढायचं, हे कापलान आणि मायर या दोघांनी १९५८ साली सांगितलं. ‘नेचर’ या विज्ञान साप्ताहिकाने २०१४ साली जगातल्या सर्वाधिक सायटेशनच्या १०० पेपरांची यादी केली, त्यात हा पेपर अकरावा होता. संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड कॉक्स यांचा अशाच जगण्याच्या आकड्यांवरचा १९७२चा पेपर चोविसावा, तोही एकट्याच्या नावावर. इथे कुणी कुणाच्या पेपरवर नाव लावलेलं नाही. डॉक्टर त्यांचं नाव घेतात, कारण त्यांची पद्धत वापरतात.

तिसरा दावा सर्वात चुकीचा. एच-इंडेक्स २० म्हणजे २० पेपर असे की प्रत्येकाला निदान २० सायटेशन आहेत. हे माप २००५ साली हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवलं, आणि जीवशास्त्रात हे आकडे भौतिकशास्त्रापेक्षा वरचे असतात, हे त्याने त्याच लेखात लिहिलं. वैद्यकीय पेपरांची संदर्भसूची लांबलचक, लेखक पुष्कळ, पेपरही भराभर निघतात. गणिती सिद्धतेला वर्षं लागतात आणि खाली मोजके संदर्भ येतात. जगातले ‘टॉप दोन टक्के शास्त्रज्ञ’ म्हणून जी यादी दरवर्षी फिरते, तीसुद्धा लोकांना २२ क्षेत्रांत आणि १७४ उपक्षेत्रांत विभागते, म्हणजे तुलना आपापल्या क्षेत्रातच.

आणि पद्धत रुळली की नावच गळून पडतं. सरासरींमधला फरक तपासणारी टी-टेस्ट रोज हजारो जण लावतात, १९०८चा मूळ लेख कोण नमूद करतो? त्या विद्यार्थिनीच्या वडिलांच्या पीक विम्यातही दोरीच्या आतलं वजन धरतात. त्या कागदावर सुखात्म्यांचं नाव नसतं, आणि सायटेशन मोजणाऱ्या कुठल्याही डेटाबेसमध्ये तो कागद जात नाही.