आरसा, फणी आणि कोन दाओ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

व्हिएतनामच्या कोन दाओ या जुन्या तुरुंगाच्या बेटावरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही तीन गोष्टी सुनावल्यात. तिथल्या तुरुंगातले ‘वाघपिंजरे’ (छळाच्या कोठड्या) अमेरिकनांनी बांधले हे चूक, बेटावर सांगितली जाणारी फी येन राणीची दंतकथा मी इतिहास म्हणून खपवली, आणि हुतात्म्याच्या थडग्यावर लिपस्टिक वाहण्याच्या अंधश्रद्धेचं कौतुक केलं. पहिल्या दोन मुकाट्याने मान्य. तिसरीवर मात्र भांडणार आहे.

वाघपिंजरे फ्रेंचांचेच, १९४०चे. कोठडीला छताच्या जागी गज, त्यावरून पहारेकरी फिरणार आणि मनात येईल तेव्हा खाली चुना ओतणार. १९७० मध्ये अमेरिकन खासदार तिथे पोचले, फोटो छापून आले आणि जगभर बोभाटा झाला. अमेरिकन पैशातून बांधलेल्या फू बिन्हच्या कोठड्या त्यानंतरच्या. माझ्या डोक्यात दोन्हींची सरमिसळ झाली होती. लेख दुरुस्त केलाय. फी येनच्या कथेलाही ‘असं म्हणतात’ जोडलंय. तिच्या ऐतिहासिक असण्यावर तर खुद्द व्हिएतनामच्या न्वेन राजघराण्याच्या वंशजांनीच, म्हणजे ती ज्या घराण्यातली मानतात त्यांनीच, आक्षेप घेतलेला आहे.

आता तिसरी गोष्ट, हांग ज्युओंग हे तुरुंगातल्या कैद्यांचं कब्रस्तान. ११३ वर्षांच्या या तुरुंगात सुमारे वीस हजार माणसं मेली असं तिथे सांगतात. थडगी आहेत दोन हजारांच्या आत-बाहेर, आणि त्यातल्या बहुतेकांवर नावच नाही. फ्रेंच राजवटीविरुद्ध लढलेल्या व्हो थी साऊचं नाव मात्र आहे. जन्म १९३३चा, २३ जानेवारी १९५२ ला फ्रेंचांनी तिला गोळ्या घातल्या. वयाची विशीही गाठली नव्हती. बेटावरचे लोक तिला ‘को साऊ’ म्हणतात. ‘को’ म्हणजे आत्या! एवढीशी पोर, आणि सगळ्या बेटाची आत्या.

मध्यरात्री लोक तिच्या थडग्यापुढे आरसा, फणी, पांढरी फुलं, पावडर ठेवतात. तुम्हाला यात नवस दिसला. नवस असतोच, नाकारत नाही. धंद्याला बरकत मागणारे मीही पाहिले, आणि त्यांच्याबद्दल माझंही मत तुमच्यासारखंच आहे. पण माझ्या पुढे उभ्या असलेल्या बाईंनी फणी पुडीतून काढून, पुसून, दाते तिच्या फोटोच्या बाजूला येतील अशी ठेवली. काही मागितलं असेल तर ओठ तरी हलले नाहीत. आपल्याकडे देवीची ओटी भरताना आरसा-फणी ठेवतातच की. फरक इतकाच, की ही देवी खरोखरची मुलगी होती आणि नटायचं वय तुरुंगात गेलं, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीपुढे हात जोडणाऱ्यांना आपण अंधश्रद्ध म्हणतो का?

राहता राहिला पिंजऱ्यावरच्या मार्गिकेत माझा दात काढून हसतानाचा फोटो. तुम्ही त्याबद्दल काही बोलला नाहीत, पण तुमची प्रतिक्रिया वाचताना माझं मलाच ओशाळं वाटलं. तो काढून टाकलाय.