प्रश्न विचारल्यावर तुम्ही किती थांबता?

शिक्षकांच्या मुलाखतीत पहिला प्रश्न ठरलेला: अनुभव किती वर्षांचा? वर्गात चिडचिड झाली की तुम्ही काय करता, हे मला २१ वर्षांत एकदाही कुणी विचारलेलं नाही.

अनुभवाने खूप मिळतं. पहिली तीन-चार वर्षं तर रोज काहीतरी नवं उमगत होतं. फळ्यावर लिहितानाही मागच्या बाकावरची कुजबूज कळू लागली. पण एकदा हात बसला की आपण मुलांकडे बघणंच कमी करतो, आणि हे माझ्या बाबतीत घडलेलं आहे.

आठवं वर्ष असेल. सहावीत अपूर्णांकांची बेरीज चालली होती. एका मुलीला उभं केलं. ती गप्प. मी लगेच "बस खाली" म्हणून पुढच्या मुलाकडे वळले. नंतर वह्या तपासताना पाहिलं, तर तिच्या वहीत उत्तर बरोबर होतं. इतक्या वेळा खोडून पुन्हा लिहिलेलं, की तिथे कागद विरून भोक पडलं होतं. मी बराच वेळ त्या भोकाकडे बघत बसले. पोर्शन मागे पडल्याची धास्ती माझी होती, आणि ती मी तिच्यावर काढली होती.

मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गातले तास टेपवर ऐकले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम १ सेकंद थांबत. तेच ३ सेकंद थांबू लागले तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. आता ३ सेकंद थांबायला कुठली पदवी लागते? पण आतून धास्तावलेल्या माणसाला तेवढी शांतता सोसत नाही, मग त्याची नोकरी कितीही वर्षांची असो.

सॅलोव्ही आणि मेयर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची जी मांडणी केली, तिच्यात हेच आहे: स्वतःच्या आणि समोरच्याच्या भावना ओळखायच्या आणि त्या ओळखीवर पुढचं वागणं ठरवायचं. लोक तिचा अर्थ गोड बोलणं असा लावतात, ते मला अजिबात पटत नाही. माझ्या पाहण्यातल्या सगळ्यात कडक बाईंना कुठलं मूल आज रडून आलंय, हे हजेरी घेतानाच कळायचं.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला पुन्हा विचारलं. दोन तृतीयांश अधिक एक चतुर्थांश. मनात आकडे मोजत उभी राहिले. सातव्या आकड्याला ती पुटपुटली, "छेद बारा घ्यायचा ना, बाई?"