'भंगार' म्हणालात म्हणून एवढं लांबलचक उत्तर

मागच्या आठवड्यात माझ्या ३८ किलोच्या अ‍ॅम्पबद्दल (स्पीकर वाजवणारा अ‍ॅम्प्लिफायर) लिहिलं होतं, त्यावर 'साधा श्रोता' या नावाने एक प्रतिक्रिया आलीये. ज्यांच्या नजरेतून सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात: "काका, घरी ऐकताना दीड वॅटच्या वर कोणी जात नाही, मी स्वतः मीटर लावून मोजलंय. बाकी सगळं हौसेचं भंगार. ३ किलोचा क्लास डी (हलका, कमी वीज खाणारा अ‍ॅम्प) घ्या, वीज वाचवा. डोळे बांधून ऐकलंत तर तुम्हालाही फरक कळणार नाही. आणि वॅट दुप्पट म्हणजे आवाज दुप्पट हे तुमचं वाक्य साफ चूक आहे."

आधी 'काका'चं बघू. वय माझं एक्कावन्न, काका म्हणायला काहीच हरकत नाही, कॉलनीतली पोरं म्हणतातच. पण ती पोरं काका म्हणून लगेच पुढच्या ओळीत माझ्या कामाला भंगार म्हणत नाहीत. आणि भंगार काय असतं ते मला तुम्ही शिकवू नका साहेब, सातपूर एमआयडीसीत २२ वर्षं ट्रान्सफॉर्मर वाइंडिंग केलंय, हेल्पर म्हणून लागलो होतो, जळालेल्या कॉइलचं तांबं किलोवर घालताना घट किती धरायची ते झोपेतून उठवून विचारा, सांगतो. या अ‍ॅम्पमधले दोन्ही टोरॉइड, म्हणजे रिंगच्या आकाराचे ट्रान्सफॉर्मर, मी हाताने भरलेत. एकेक ९ किलोचा. टोरॉइडला तार नुसती गुंडाळता येत नाही, शटलवर भरून दर वेढ्याला रिंगच्या भोकातून आरपार काढावी लागते, असे शेकडो वेढे, वर प्रत्येक थराला मायलर टेप, आणि जाड तार असली की संध्याकाळी जेवताना भाकरी मोडायला अंगठा चालत नाही. हे सगळं वाचून तुम्हाला एकच शब्द सुचला. असो.

चूक मात्र मान्य. वॅट दुप्पट केले की फक्त ३ डीबी (डेसिबल, आवाजाचं माप) वाढतात, आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डीबी लागतात, म्हणजे दहापट वॅट. पोस्ट दुरुस्त केलीये, धन्यवाद. (पण बघा हं, हे गणित कोणाच्या बाजूनं जातं. दुप्पट आवाजाला दहापट पॉवर लागते म्हणणारा माणूसच मला दीड वॅटात भागवा सांगतोय.)

आता ते दीड वॅट. सरासरी दीड वॅट जातो हे बरोबरच आहे, माझ्याकडेही तेवढाच जातो, कधी त्याहून कमी. प्रश्न असा आहे की तुम्ही मोजलंत कशानं? मल्टिमीटर असेल तर तो काट्याचा असो नाहीतर आकड्यांचा, तो सरासरी दाखवतो, तबल्याची थाप काही मिलिसेकंदात येऊन गेलेली असते तेव्हा तुमचा मीटर अजून जागा होत असतो. स्कोप लावा, म्हणजे ऑसिलोस्कोप, तो क्षणाक्षणाचं व्होल्टेज पडद्यावर दाखवतो. स्कोप नसेल तर माझ्याकडे या, दाखवतो.

आमच्या साडूचा मुलगा पखवाज वाजवतो. दिवाळीत घरी आला होता, हॉलमध्येच बसला, बायकोकडून कणीक मागून घेतली, धुम्याला (पखवाजाच्या डाव्या तोंडाला) लावली, थापून थापून सूर जमवला आणि मग वाजवायला लागला. मी रेकॉर्डरवर घेतलं. नंतर कॉम्प्युटरवर लेव्हल बघितली तर हलक्या बोलांची सरासरी आणि मोकळ्या 'धा'ची उंची यात २० डीबीचं अंतर. २० डीबी म्हणजे शंभरपट पॉवर. तुमचाच दीड वॅट धरा, गुणिले १००, झाले १५०. हे मी माझ्या मनचं नाही सांगत, तुमचाच आकडा घेतलाय. तेच रेकॉर्डिंग आधी माझ्या जुन्या छोट्या अ‍ॅम्पवर लावलं होतं, तर 'धा' आला की चर्र, आणि दोन-तीन वेळा आवाज वाढवल्यावर आतला रिले (संरक्षणाचा आपोआप चालणारा स्विच) टक करून पडला. पोरगा म्हणाला, मी असं वाजवलं होतं? मला लाज वाटली.

आणि हो, स्पीकरचं तुम्ही काही बोललाच नाहीत, जणू सगळे स्पीकर सारखेच. माझे मॅग्नेपॅन १.७ आहेत, सेकंडहँड घेतलेले, पातळ पॅनेलवाले, त्यांच्यात लाकडी खोकं नसतं. ठरावीक व्होल्टेज दिलं की आवाज किती निघतो, ते कागदावर ८६ डीबी लिहिलंय. पण ते २.८३ व्होल्टला. २.८३ व्होल्ट ८ ओहमला (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा, तो कमी तर करंट जास्त) दिले तर १ वॅट होतो, पॅनेल ४ ओहमचं आहे, म्हणजे तिथे २ वॅट गेले. खरं धरायचं तर १ वॅटला ८३. इथेच ३ डीबी गेले, म्हणजे तुमच्या हिशोबातले निम्मे वॅट दुकानातच राहिले. १९८० च्या दशकात अ‍ॅपोजीचा सिंटिला होता, तो तर १ ओहमचा लोड. २० व्होल्ट ८ ओहमला अडीच अँपिअर मागतात, तेच २० व्होल्ट १ ओहमला २० अँपिअर. लोक त्याला क्रेलसारखे धटिंगण अ‍ॅम्प लावायचे ते काय मिरवायला?

वजन येतं ते इथून. बारीक तारेचा ट्रान्सफॉर्मर रिकामा असताना ५० व्होल्ट दाखवेल, लोड आला की ४० वर बसेल. व्होल्टेज वीस टक्के पडलं की पॉवर छत्तीस टक्के जाते, कारण वर्ग होतो. ते पडू नये म्हणून तार जाड, तार जाड म्हणून कोअर मोठा, त्यात कपॅसिटर, आणि उष्णता बाहेर काढायला दोन्ही बाजूंना अ‍ॅल्युमिनियमचे हीटसिंक. झाले ३८ किलो. शोभेसाठी यात काहीही नाही, खरं तर दिसायला तो अ‍ॅम्प बेकारच आहे, पुढची पट्टी अंबडला एका ओळखीच्याकडून कापून आणली ती अर्धा सूत वाकडी आलीये.

क्लास डीबद्दल वेगळं लिहीन कधीतरी, आत्ता त्यात शिरत नाही. डोळे बांधून ऐकण्याचा वाद माझ्या जन्माच्या आसपास सुरू झाला असेल, तुम्ही-मी तो इथे मिटवणार नाही. वीजबिल मी भरतो. हां, सुरुवातीला सॉफ्ट स्टार्ट नव्हता तेव्हा स्विच टाकला की टोरॉइड असा काही करंट ओढायचा की एमसीबी पडायची आणि आईची सिरियल ऐन वेळी बंद व्हायची, तो त्रास घरच्यांनी सोसला हे कबूल. आता पहिले दोन सेकंद रेझिस्टरमधून जातं, मग रिले ओढतो. त्याचं सर्किट रविवारी टाकतोय.

तुम्ही नाशिकचेच आहात असं प्रोफाइलवरून दिसतं. मग घरी या ना, गंगापूर रोडला आहे मी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. तुमचा मीटर घेऊन या, ३ किलोचा अ‍ॅम्पही आणा, चहा माझ्याकडून. फक्त बायकोसमोर भंगार हा शब्द काढू नका, ती गेली तीन वर्षं तेच म्हणतेय आणि तिला साक्षीदार मिळालेला मला परवडणार नाही.